टाकीतला व्हॅक्यूम, झाकण आणि हवेची नळी : जुन्या कारच्या पेट्रोल टाकीचे व्हेंटिंग

जुनी चाके (धागाकर्ता)

माझ्याकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली एक कार आहे. तिला कार्बोरेटर आहे, इंजिनावर बसवलेला यांत्रिक डायफ्रॅम पंप आहे आणि पेट्रोलची टाकी मागे, डिकीच्या तळाखाली आहे. टाकी आतून गंजली होती, म्हणून ती उतरवून साफ केली, आतून सीलरचे अस्तर दिले, बाहेरून जाड रंग मारला आणि मूळ झाकण झिजलेले असल्याने कुलपाचे नवे झाकण बसवले. या कामानंतर तीन तक्रारी उद्भवल्या आहेत.

पहिली तक्रार अशी, की गाडी व्यवस्थित सुरू होते, काही वेळ उत्तम चालते आणि मग चढावर किंवा वेगात असताना पेट्रोल संपल्यासारखी धाप टाकू लागते. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा काही घडलेच नाही अशा थाटात चालते. पंप, फिल्टर आणि इग्निशन कॉइल बदलूनही फरक पडलेला नाही. झाकण उघडताना मात्र मोठा फुस्स आवाज येतो. दुसरी तक्रार, टाकी पूर्ण भरून गाडी उन्हात उभी केली की कार्बोरेटरमधून पेट्रोल पाझरते. तिसरी, पेट्रोल भरताना नोझल सारखे आपोआप बंद पडते आणि कधीकधी पेट्रोल मानेतून, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंत जाणाऱ्या भरण्याच्या नळीतून, उलट उसळते.

या तिन्हींचे मूळ एकच असावे का, आणि झाकणाला एक बारीक भोक पाडले तर प्रश्न सुटेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्पार्कप्लग

पंप बदलण्यापूर्वी झाकणाकडे पाहायला हवे होते, असे मी म्हणणार नाही, कारण ही लक्षणे हुबेहूब पंपाच्या बिघाडासारखी दिसतात आणि बहुतेक मेकॅनिकही तिथूनच सुरुवात करतात.

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते, तितकीच हवा आत यावी लागते. ती वाट बुजली असेल, तर आतला दाब उतरत जातो आणि शेवटी पंपाची ओढ आणि टाकीतला व्हॅक्यूम यांची बरोबरी होऊन पेट्रोल जागच्या जागी थबकते. तुमचा पंप इंजिनावर आहे, म्हणजे तो टाकीपासून इंजिनापर्यंतच्या संपूर्ण नळीतून पेट्रोल ओढून आणतो, ढकलत नाही. त्यामुळे तो या व्हॅक्यूमला लवकर हार जातो.

ही अडचण टाकी भरलेली असताना लवकर येते की निम्मी रिकामी असताना, हे तपासा. टाकी काठोकाठ भरली आणि वर फक्त ५ लिटर हवा उरली, तर एक लिटर पेट्रोल खर्च होताच तीच हवा ६ लिटर जागेत पसरते आणि हवेचा दाब सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरतो. तेच २५ लिटर हवा असेल, तर एका लिटरने दाब जेमतेम ४ टक्के उतरेल. म्हणून टाकी भरल्यावर गाडी लवकर थांबत असेल आणि टाकी रिकामी होत जाईल तसा त्रास लांबत असेल, तर संशय व्हेंटकडेच, म्हणजे टाकीत हवा ये-जा करण्याच्या वाटेकडेच, वळवावा. पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर टाकीतल्या पातळीशी त्याचा असा संबंध दिसत नाही.

जुनी चाके

आपण म्हणता तसेच आहे. टाकी भरल्यावर त्रास लवकर सुरू होतो. मी आतापर्यंत याचा संबंध पेट्रोलच्या वजनाशी लावत होतो. तरीही एक शंका उरते : त्रास उष्ण दिवशी अधिक होतो, त्यामुळे हा व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणे, असू शकेल का?

नीडल व्हॉल्व्ह

व्हेपर लॉक आणि टाकीतला व्हॅक्यूम यांना लोक दोन वेगळे आजार समजतात, परंतु ते एकमेकांना मदत करतात. द्रवावरचा दाब कमी झाला की तो कमी तापमानाला उकळतो. टाकीत व्हॅक्यूम असेल, तर पंपाकडे येणाऱ्या नळीतला दाब आधीच उतरलेला असतो आणि इंजिनाजवळच्या गरम भागात पेट्रोलचे बुडबुडे नेहमीपेक्षा लवकर होतात. म्हणजे उष्ण दिवशी त्रास वाढतो, एवढ्यावरून व्हेंट निर्दोष ठरत नाही.

दोन्ही वेगळे काढण्याची सोपी कसोटी झाकणाचीच आहे. धाप लागताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी, झाकण उघडून पुन्हा लावावे आणि लगेच निघावे. गाडी तत्काळ सावरली, तर व्हॅक्यूम. झाकण उघडूनही ती सावरत नसेल आणि बॉनेट उघडून इंजिन थंड झाल्यावरच चालत असेल, तर व्हेपर लॉक. उघडल्याने काहीच फरक पडत नाही, पण नुसते थांबल्याने पडतो, अशी तिसरीही शक्यता असते : टाकीतल्या उचलनळीच्या तोंडाशी गंजाचे किंवा सुटलेल्या अस्तराचे तुकडे ओढले जाऊन अडकतात आणि इंजिन बंद केल्यावर खाली पडतात. तुम्ही नुकतेच सीलर लावले आहे, म्हणून ही शक्यताही मनात असू द्यावी.

झाकण सैल ठेवून गाडी चालवत ही चाचणी करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असेल, तर तो पाळू नये. वळणावर पेट्रोल बाहेर येते.

आवाजाबद्दलही थोडे सांगतो. फुस्स हा आवाज हवा आत जातानाही येतो आणि बाहेर पडतानाही. झाकण ओढून काढावे लागत असेल, तर आत व्हॅक्यूम आहे. ते सुटताच वर उसळत असेल, तर आत दाब आहे. शिवाय ज्या झाकणात दोन्ही दिशांचे व्हॉल्व्ह असतात, ते ठरावीक दाबापर्यंत बंदच राहतात, म्हणून अशा झाकणाचा हलका आवाज हा दोष समजू नये.

तेलकट हात

धागाकर्त्यांनी झाकण बदलले आहे, हा मला या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो.

जुन्या गाड्यांची झाकणे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात झाकणातूनच हवा ये-जा करते. वरून ते बंद दिसते, पण आतल्या पत्र्याच्या वाटीत बारीक छिद्र असते. दुसऱ्या प्रकारात झाकण पूर्ण बंद असते आणि हवेसाठी टाकीला स्वतंत्र नळी असते. तिसऱ्या प्रकारात वर सांगितलेले दुहेरी व्हॉल्व्ह असतात. अडचण अशी, की या तिन्हींचा व्यास आणि आटे अनेकदा सारखे असतात. झाकण घट्ट बसले म्हणजे ते योग्य आहे, असा समज होतो. अमेरिकेत बाष्परोधक यंत्रणा, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर हवेत जाऊ न देणारी व्यवस्था, प्रथम कॅलिफोर्नियात १९७० सालच्या मॉडेलांपासून आणि देशभर १९७१ सालच्या मॉडेलांपासून आली, आणि तिच्याबरोबर बंद झाकणेही आली. त्यामुळे एकाच गाडीच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची झाकणे दिसायला जुळी आणि कामाला विरुद्ध असू शकतात. तुमची गाडी १९६०च्या दशकातली असेल, तर मूळ झाकण हवा घेणारे असण्याची शक्यता बरीच आहे आणि कुलपाचे नवे झाकण बंद प्रकारचे असण्याचीही तितकीच.

फोर्ड मॉडेल टीमध्ये, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात, पेट्रोल पंप नव्हताच. टाकी बहुतेक मॉडेलांत पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल उताराने कार्बोरेटरकडे जाई. तिथे झाकणातले छिद्र बुजले, की ओढायला पंपही नसल्याने गाडी मुकाट्याने थांबे. प्रश्न तसा मोटारीच्याच वयाचा आहे.

जुनी चाके

मूळ झाकण शोधून काढले. आतल्या वाटीत खरोखरच एक छिद्र आहे. नव्या झाकणात ते नाही. मात्र टाकीच्या वरच्या बाजूला एक छोटी धातूची नळकांडी आणि तिला जोडलेली रबरी नळीही आहे, जी डिकीच्या कोपऱ्यातून खाली उतरते. म्हणजे हवेच्या वाटा दोन होत्या का? आणि ती नळी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून साफ केली तर चालेल का?

टॉर्क

कॉम्प्रेसर टाकीला जोडू नका. टाकीचा पत्रा पातळ असतो आणि बाजू सपाट असतात. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या बाजूवर फक्त १ पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड) दाब पडला, तरी तिच्यावर सुमारे १६८ किलो वजनाइतका जोर येतो. कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या शंभरपट दाब असतो. टाकी फुगते, सांध्याची झाळ सुटते आणि पेट्रोलची वाफ हवेत पसरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगीने पेटते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, ती याच कारणाने. काम उघड्यावर करावे, बॅटरीची तार काढावी आणि हाताशी अग्निशामक असावा.

नळी टाकीवरून सोडवून घ्या. मग तिच्यातून हवा फुंकायला हरकत नाही. टाकीची तपासणी पाण्याच्या मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजण्याच्या साध्या साधनाने, करता येते. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात एका फळीवर बांधून तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि तिचे एक टोक भोक पाडलेल्या रबरी बुचातून टाकीच्या मानेत बसवावे. टीच्या जोडातून रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा जोडावा आणि हलकेच दाबत पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये १५ सेंटिमीटरचा फरक आणावा. १ पीएसआय म्हणजे पाण्याची सुमारे ७० सेंटिमीटर उंची, त्यामुळे हा दाब टाकीला निरुपद्रवी आहे. व्हेंटची वाट मोकळी असेल, तर फरक टिकणारच नाही, किंबहुना तिथपर्यंत पोचणारही नाही. वाट बुजलेली असेल, तर पाणी तसेच उभे राहील. ही चाचणी इंजिन बंद आणि थंड असतानाच करावी.

स्पार्कप्लग

तिसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे नोझल बंद पडण्याकडे, अजून कोणी वळलेले नाही. तिचे कारण मला वेगळे वाटते.

ताशी १० लिटर पेट्रोल खाणाऱ्या इंजिनासाठी टाकीत ताशी १० लिटर हवा यावी लागते, म्हणजे सेकंदाला तीन घनसेंटिमीटरही नाही. एक मिलिमीटरचे छिद्र त्याला पुरून उरते. पेट्रोल भरताना मात्र मिनिटाला ३०-३५ लिटर आत येते आणि तितकीच हवा त्याच वेगाने बाहेर जावी लागते, म्हणजे सेकंदाला पाचशेहून अधिक घनसेंटिमीटर. हे काम बारीक छिद्राचे नव्हे. त्यासाठी टाकीच्या वरच्या भागातून निघून मानेच्या तोंडाजवळ येणारी एक जाड नळी असते. ती दबली, फुगली किंवा तिच्यात झोल पडून पेट्रोल साचले, की हवा मानेतूनच परत येऊ लागते, पेट्रोल उसळते आणि नोझल बंद होते. तेव्हा हवेच्या वाटा दोन नव्हे, तीन मोजाव्यात : झाकण, बारीक व्हेंट आणि भरण्याच्या वेळची जाड नळी.

दुसऱ्या तक्रारीचे कारण पेट्रोलच्या प्रसरणात आहे. ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर जवळजवळ एक लिटर वाढते. वर जागा नसेल आणि हवेची वाट बंद असेल, तर हा दाब पंपाच्या एकदिशा व्हॉल्व्हमधून सरळ कार्बोरेटरकडे जातो, कारण पुढच्या दिशेने ते अडवत नाहीत. तुमच्या कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे त्यात येणारे पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप, थोडा झिजलेला असणार. इंजिन चालू असताना झिरपणारे पेट्रोल जळून जाते म्हणून ते दिसत नाही. गाडी उभी असताना दिसते.

पाना-पक्कड

इतके गणित करण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. वर स्पार्कप्लग यांनीच सांगितले, की एक मिलिमीटरचे छिद्र पुरते. मग नव्या झाकणाला ते पाडावे आणि मोकळे व्हावे. कित्येक गाड्या वर्षानुवर्षे अशा चालत आहेत.

नीडल व्हॉल्व्ह

पाना-पक्कड, व्हॅक्यूमपुरते आपले म्हणणे खरे आहे, आणि झाकण गाडीपासून दूर नेऊन भोक पाडले तर त्यात तत्काळ धोकाही नाही. परंतु आरपार सरळ भोक आणि मूळ झाकणातली रचना यांत फरक आहे. मूळ झाकणात हवा आडवळणाने जाते, त्यामुळे हिंदकळलेले पेट्रोल त्याच वाटेने बाहेर येत नाही आणि वरून पडलेले पाणी आत जात नाही. सरळ भोकातून दोन्ही गोष्टी होतात. मान बाजूला उघडत असेल, तर वळणावर पेट्रोल रंगावर ओघळते. धुताना पाणी टाकीत जाते, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल, तर ते पाणी त्याच्यात मिसळून शेवटी तळाशी वेगळे होते व गंज पुन्हा सुरू होतो. शिवाय भोकामुळे धाप थांबली, की बुजलेली मूळ नळी तशीच राहते, आणि धागाकर्त्यांची तिसरी तक्रार या भोकाने सुटणारही नाही.

गाडी ज्या वाटांनी हवा घेण्यासाठी बनवली आहे, त्या वाटा आधी मोकळ्या कराव्यात. त्यानंतरही गरज उरली तर पुढचे पाहावे.

तेलकट हात

नळ्या तपासताना काय सापडू शकते, त्याविषयी थोडे लिहितो, कारण नळी वरवर पाहून "ठीक आहे" म्हणण्याची सवय सर्वांनाच असते.

टाकीला आतून सीलर देताना टाकी सर्व बाजूंनी फिरवतात आणि तो द्रव व्हेंटच्या नळकांडीतही शिरतो. ती त्याच वेळी फुंकून मोकळी केली नाही, तर आत पापुद्रा सुकतो. बाहेरच्या जाड रंगाने किंवा तळाच्या डांबरी लेपाने नळीचे खालचे तोंड बुजते. रबरी नळी बाहेरून शाबूत दिसते, पण इथेनॉलसाठी न बनवलेले जुने रबर आतून फुगून बोळ बंद करते. नळी कापून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या उघड्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. कोळ्याचे जाळे एवढेसे काय करणार, असे वाटत असेल, तर माझ्दाने २०११ साली उत्तर अमेरिकेतील माझ्दा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या, हे लक्षात घ्यावे : एका जातीच्या कोळ्याने टाकीच्या व्हेंटच्या नळीत जाळे केल्यास टाकीत व्हॅक्यूम होऊन तिला तडा जाण्याचा धोका होता. २०१४ साली त्याच कारणाने पुन्हा गाड्या बोलवाव्या लागल्या.

नवी नळी बसवताना ती टाकीवरून आधी शक्य तितकी वर, म्हणजे मानेच्या तोंडाच्या उंचीपर्यंत न्यावी आणि मगच खाली उतरवावी. मध्ये कुठेही झोल नसावा. खालचे तोंड सायलेन्सरपासून दूर, तिरके कापलेले आणि बारीक जाळी लावलेले असावे. नळीच्या वाटेत उलटण्यापासून बचाव करणारा गोळीचा व्हॉल्व्ह असेल, तर तो उभाच बसला पाहिजे. आडवा बसवला तर गोळी वाट अडवते आणि पुन्हा तीच धाप सुरू होते.

जुनी चाके

सर्व सूचनांनुसार टाकी उतरवून तपासली, ते निष्कर्ष येथे नोंदवतो. मॅनोमीटरमध्ये नव्या झाकणाऐवजी बुच लावून दाब दिला असता पाणी जसेच्या तसे उभे राहिले, म्हणजे टाकीची स्वतःची हवेची वाट पूर्ण बंद होती. नळकांडीत सीलरचा पापुद्रा होता. तो पितळी तारेने मोकळा केला आणि सुटलेले तुकडे टाकी विसळून बाहेर काढले. भरण्याच्या वेळची जाड नळी मानेजवळच्या वळणावर चपटी झाली होती. तिच्या जागी मुळातच वळणदार घडवलेली नळी घातली. मूळ झाकणाला नवी गॅस्केट लावून तेच परत बसवले. कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्हही बदलला. आता मॅनोमीटरमध्ये पाणी उभे राहत नाही, चढावर गाडी धाप टाकत नाही आणि नोझल टाकी भरल्यावरच बंद होते.

एक गोष्ट शिल्लक आहे. टाकी पूर्ण भरल्यावर रात्रभर गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येतो. टाकी पाऊण असेल तर येत नाही. कुठेही ओल दिसत नाही. या गाडीला चारकोल कॅनिस्टर, म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, नाही. तो बसवावा का?

टॉर्क

कॅनिस्टरचा विचार नंतर करावा. वास फक्त पूर्ण भरलेल्या टाकीलाच येत असेल, तर गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे : गेजच्या सेंडरची (टाकीतली पेट्रोलची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाची) गॅस्केट, मानेचा रबरी सांधा किंवा नळकांडीवरचा क्लॅम्प. तुम्ही टाकी दोनदा उतरवली आहे, त्यामुळे माझा पहिला संशय सेंडरच्या गॅस्केटवर आहे; ती एकदा दबली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. ओल न दिसण्याचे कारण असे, की इतके थोडे पेट्रोल पत्र्यावरच उडून जाते. जुन्या रबरातून वाफ सरळ आरपारही झिरपते. ते तपासण्यासाठी प्रत्येक नळीभोवती स्वच्छ कापडाची पट्टी गुंडाळून रात्रभर ठेवावी आणि सकाळी एकेक पट्टी दूर नेऊन हुंगावी. ज्या पट्टीला वास येईल, ती नळी एसएई जे३० आर९ या इंधन-नळीच्या मानकाच्या, आतून फ्लुओरोइलास्टोमरचा थर असलेल्या नळीने बदलावी.

नीडल व्हॉल्व्ह

टॉर्क यांच्या म्हणण्यात कॅनिस्टरपुरती भर घालतो. कॅनिस्टरमधला सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो, परंतु इंजिन चालू असताना ती वाफ खेचून नेणारी नळी जोडलेली नसेल, तर तो लवकरच भरून निकामी होतो. त्याच्या तळाशी ताज्या हवेची गाळणी असते. ती तुंबली की टाकीची हवेची वाट पुन्हा बंद होते आणि सुटलेला प्रश्न परत येतो. तसेच तो बसवल्यावर बंद झाकण लागते, म्हणजे नुकतीच पूर्ववत केलेली सगळी रचना बदलावी लागेल. आधी सेंडरची गॅस्केट बदलावी, तिचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, आणि नोझल पहिल्यांदा बंद झाल्यावर वरून आणखी पेट्रोल घालू नये, म्हणजे प्रसरणाला वर जागा राहील. त्यानंतरही वास आला, तर टाकीचा वरचा सांधा साबणाच्या पाण्याने आणि त्याच १५ सेंटिमीटर दाबाने तपासावा. मात्र त्यासाठी व्हेंटची नळी तेवढ्यापुरती चिमटून धरावी लागेल.